वाईट बातमी किती तासांत पोचते? औषधनिर्मितीचं काम बाहेर देणाऱ्यांसाठी

नोकरीची पहिली ६ वर्षं मी इतर कंपन्यांना गोळ्या बनवून देणाऱ्या एका कारखान्यात क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात, होते. नंतर टेबलाच्या पलीकडे गेले. वेष्टनावर जिचं नाव छापलं जातं त्या कंपनीच्या वतीनं अशा कारखान्यांची आणि प्रयोगशाळांची पारख करणं, हे काम गेली १३ वर्षं करते आहे. दोन्ही बाजूंना राहिल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. बाहेरचा कारखाना कसा आहे हे ठरवताना मी त्याची यंत्रं आणि भिंतीवरची प्रमाणपत्रं शेवटी बघते. आधी हे बघते की तिथं काही बिघडलं तर ती बातमी आपल्याला किती तासांत कळेल. निवड, ऑडिट, करार, रोजचा व्यवहार, सगळं मी याच प्रश्नाभोवती लावते.

हा प्रश्न मला त्या पहिल्या कारखान्यानंच दिला. एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं. आठवडाभर आम्ही फायली लावत होतो. आमच्या ग्रॅन्युलेशनच्या (पावडरचे दाणे करायच्या) खोलीत दमट दिवसांत आर्द्रता मर्यादेच्या वर जायची. आकडा खाली आला की मगच लोक नोंद करायचे. हे मला ठाऊक होतं. ऑडिटर दोन दिवस मीटिंग रूममध्ये एसओपी (लेखी कार्यपद्धती) वाचत बसले. त्या खोलीत १० मिनिटं आले, मीटर बघितला, आकडा मर्यादेत होता, निघून गेले. “हवा दमट असते तेव्हा काय करता?” एवढं जरी मला कुणी विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून तोंड उघडलं नाही. त्याची खंत मला आजही आहे. ती गोळी शेवटी कुणीतरी आजारी माणूसच घेणार होता.

आधी आपल्याच घरात बोला

शोध सुरू करण्याआधी स्वतःच्या व्यवस्थापनाला एक गोष्ट नीट समजावून द्या. काम बाहेर गेलं तरी बॅच स्वीकारायची की नाकारायची ही जबाबदारी आपल्याच क्वालिटी विभागाची राहते. अमेरिकेच्या औषधनिर्मितीच्या नियमांत, २१ सीएफआर २११.२२ मध्ये, हे स्पष्ट लिहिलंय: दुसऱ्या कंपनीनं कराराखाली बनवलेलं, प्रक्रिया केलेलं किंवा पॅक केलेलं औषध मंजूर करण्याची किंवा नाकारण्याची जबाबदारी क्वालिटी विभागाची. औषधांचे निकष ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००८ च्या क्यू१० मार्गदर्शनातही बाहेर दिलेल्या कामावरचं नियंत्रण हा कंपनीच्या स्वतःच्या गुणवत्ता यंत्रणेचाच भाग मानलाय. युरोपच्या जीएमपीचं (चांगल्या औषधनिर्मितीच्या नियमांचं) ७ वं प्रकरण आधी फक्त कंत्राटी उत्पादन आणि तपासणीबद्दल होतं. ३१ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित आवृत्तीत ते जीएमपीखाली येणाऱ्या सगळ्याच बाहेर दिलेल्या कामांना लागू झालं.

हे आधी बोलायचं कारण पैशाशी जोडलेलं आहे. काम बाहेर दिल्यानं जी बचत दाखवली जाते, तिच्यात देखरेखीचा खर्च बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. ऑडिटचा प्रवास, पहिल्या बॅचेसना तिथं बसणारा आपला माणूस, बॅच रेकॉर्ड वाचणारे दोघंतिघं, चाचणी पद्धत तिकडच्या प्रयोगशाळेत नेतानाच्या चाचण्या हे सगळं मांडा. मांडल्यावरही हिशेब जमत असेल तरच पुढे जा. देखरेखीचा खर्च कापून जमवलेला हिशेब मी सही न करता परत पाठवते.

कागदावरची निवड

पहिलं काम अगदी साधं आहे: आपण नेमक्या कोणत्या जागेशी बोलतो आहोत ते पक्कं करा. कंपनीचं नाव पुरत नाही. पत्ता, साइटचा नोंदणी क्रमांक, कुठल्या इमारतीत, कुठल्या लाइनवर आपलं काम होणार, हे सगळं लिहून घ्या. एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या) नोंदीत प्रत्येक साइटला स्वतःचा एफईआय क्रमांक असतो, तो मागा. हे किरकोळ वाटत असेल तर २००८ चं हेपारिन आठवा. रक्त पातळ करणाऱ्या या औषधात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा भेसळीचा पदार्थ सापडला. त्या वेळच्या नेहमीच्या चाचण्यांत तो पकडला जात नव्हता. मागोवा घेतल्यावर दिसलं की कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्याची एफडीएनं कधी तपासणीच केली नव्हती, कारण नोंदीत त्याची गल्लत सारख्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याशी झाली होती. एवढ्या मोठ्या संस्थेच्या हातून हे होऊ शकतं, तर आपल्या एक्सेल शीटमध्ये का नाही होणार?

मग सार्वजनिक नोंदी वाचा. एफडीएची वॉर्निंग लेटर्स उघडपणे वाचायला मिळतात. युरोपच्या युड्राजीएमडीपी या डेटाबेसमध्ये जीएमपी प्रमाणपत्रं असतात आणि नियम न पाळल्याचे दाखलेही असतात. जुनं वॉर्निंग लेटर दिसलं म्हणून मी कारखाना लगेच बाद करत नाही. त्यानंतर त्यांनी काय केलं ते विचारते. नुसते एसओपी बदलून लोकांना पुन्हा ट्रेनिंग दिलं, की माणसं वाढवली, यंत्रणा बदलली, आधी बाजारात गेलेल्या बॅचेस पुन्हा तपासल्या? ज्या कारखान्यानं आपली मोठी चूक उघडपणे निस्तरली आहे त्याच्याशी काम करणं मला एखाद्या अगदी कोऱ्या पाटीच्या कारखान्यापेक्षा सोपं जातं.

त्याच छताखाली आणखी काय बनतं हाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका कंत्राटी कारखान्यात दोन वेगवेगळ्या कोविड लसींचा मूळ घटक तयार होत होता. एकीची लागण दुसरीत झाली आणि सुमारे १.५ कोटी मात्रांचा माल वाया गेला. तुमच्या लाइनवर उद्या कोणतं नवं औषध येणार आहे, ते ठरवताना आरोग्यावर आधारलेल्या संपर्काच्या मर्यादा (एका औषधाचा किती अंश दुसऱ्यात चालेल ते) कोण काढतो, त्या काढणाऱ्याला विषशास्त्र कळतं का, आणि नवं उत्पादन येण्याआधी तुम्हाला कळवलं जाईल का? शेवटच्या प्रश्नाला “ती आमची गोपनीय माहिती आहे” असं उत्तर मिळतं. दुसऱ्या ग्राहकाचं नाव गोपनीय असणार हे मला मान्य आहे. पण पदार्थ कोणत्या वर्गातला आहे, हे कळणं माझा हक्क आहे, आणि तो मी करारात लिहून घेते.

आपण त्यांच्या धंद्याचा किती मोठा भाग असू, हे स्पष्ट विचारा. अगदी छोटा ग्राहक असाल तर मोठ्या ग्राहकाची ऑर्डर आली की तुमची तारीख पुढे ढकलली जाते, तुमचा फोन कनिष्ठ माणूस घेतो आणि तुमच्या बॅचवरचं डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं घडल्याची नोंद) शेवटी उघडलं जातं. उलट त्यांचा निम्मा धंदा तुमच्यावरच चालत असेल, तर तुम्हाला वाईट बातमी द्यायला ते घाबरतील. दोन्ही टोकं मी टाळते.

शेवटी साखळी. २०१८ च्या जुलैमध्ये व्हाल्सार्टान या रक्तदाबावरच्या औषधात एनडीएमए हा नायट्रोसामाइन गटातला घातक पदार्थ सापडला आणि कितीतरी देशांत माल परत मागवावा लागला. त्याचं मूळ रासायनिक प्रक्रियेतल्या एका बदलात होतं: डीएमएफ हे द्रावक आणि उरलेलं अझाइड संपवायला घातलेलं सोडियम नायट्राइट एकत्र आलं. पुढच्या तपासात आणखी एक वाट दिसली. वापरलेली द्रावकं शुद्ध करून परत देणारे तिसरेच कंत्राटदार असतात. त्यांच्याकडे वेगवेगळ्या ग्राहकांचा माल एकाच यंत्रणेतून जातो आणि त्यातूनही नायट्रोसामाइन येऊ शकतं. म्हणून माझ्या प्रश्नावलीत एक ओळ कायम असते: तुमच्या आवाराबाहेर काय काय जातं? मायक्रोनायझेशन (पावडर अतिबारीक करणं), निर्जंतुकीकरण, द्रावक पुनर्प्राप्ती, सूक्ष्मजीव चाचण्या, कागदपत्रांची साठवण, सगळं. पहिल्या उत्तरात ही यादी कधीच पूर्ण येत नाही.

ऑडिट: फायली मागू नका, याद्या मागा

मी शक्यतो ३ दिवसांचं ऑडिट करते आणि दोघं जातो. एक जण क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत, दुसरा उत्पादन आणि गोदामात. स्वागताचं प्रेझेंटेशन २० मिनिटांत आटपायला सांगते आणि सकाळीच शॉप फ्लोअरवर जाते. कागद दुपारी.

फाइल मागितली की त्यांनी तयार ठेवलेली फाइल येते. यादी मागितली की निवड आपल्या हातात राहते. गेल्या २ वर्षांतली सगळी डेव्हिएशन्स, सगळे ओओएस (मर्यादेबाहेर आलेले चाचणी निकाल), नाकारलेल्या बॅचेस, तक्रारी आणि देखभाल विभागाचं ब्रेकडाउन रजिस्टर, एवढ्या याद्या मी मागते. मग बसते ब्रेकडाउन रजिस्टर आणि डेव्हिएशनची यादी शेजारी ठेवून. कॉम्प्रेशन मशीन दुपारी बंद पडलं, फीडर बदलला, ४ तासांनी सुरू झालं, असं देखभालवाल्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. त्या तारखेला त्या मशीनवर जी बॅच होती तिच्या रेकॉर्डमध्ये याची एक ओळ तरी आहे का? नसेल तर बातमी त्यांच्याच इमारतीत पोचत नाही. मग आपल्यापर्यंत काय पोचणार? एवढी एकच तुलना करायला वेळ असेल तर हीच करा, बाकी सगळं सोडा.

वर्षाला कितीतरी बॅचेस आणि डेव्हिएशन्स मात्र बोटांवर मोजण्याइतकी, अशी यादी पाहिली की माझी काळजी वाढते. जिथं माणसं आणि यंत्रं आहेत तिथं चुका होतातच. तिथं त्या लिहिल्या जात नाहीत, एवढाच अर्थ मी काढते.

प्रयोगशाळेत माझा सहकारी एक एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) निवडतो आणि एकच दिवस. त्या दिवशीचे सगळे इंजेक्शन (यंत्रात नमुना सोडल्याच्या नोंदी) सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमधून (आपोआप होणाऱ्या नोंदींतून) काढायचे, कॉलमच्या लॉगबुकमधली संख्या बघायची, नमुन्यांच्या नोंदवहीशी जुळवायचं. ४० इंजेक्शन आणि अहवालात ३४ असतील तर ती ६ कुठली? ‘ट्रायल’ किंवा ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर आहे का? संगणकाचं घड्याळ विश्लेषक बदलू शकतो का? अॅडमिनचे अधिकार कोणाकडे आहेत? एका प्रयोगशाळेत आम्हाला असं दिसलं की नमुना आधी वेगळ्या नावानं ‘चालवून बघायचे’, निकाल बरा आला की मग खऱ्या नावानं. तिथली मुलं वाईट नव्हती. ओओएस आला की तपासाचं सगळं ओझं त्यांच्यावर पडायचं आणि वरून बोलणी. त्यांनी आपला बचाव शोधला होता. आम्ही त्या प्रयोगशाळेला काम दिलं नाही. पण परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात त्या मुलांपेक्षा त्यांच्या वरिष्ठांचाच विचार होता.

आणखी एक साधी पडताळणी: बॅच रेकॉर्डवरच्या सहीची वेळ आणि त्या माणसाची गेटवरची नोंद. रात्री १०:४० ला सही आहे आणि गेटवर ६:३० ला बाहेर पडल्याची नोंद, असं मी स्वतः पाहिलंय.

शिफ्ट बदलताना तिथं असा. जाणारा येणाऱ्याला काय सांगतो ते नुसतं ऐका. ऑपरेटरशी बोला, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. माझा ठरलेला प्रश्न आहे: “हे मशीन मधेच बिघडलं तर पहिला फोन कोणाला करता?” काही ठिकाणी माणूस लगेच क्यूएमधल्या कुणाचं तरी नाव घेतो. काही ठिकाणी आधी सुपरवायझरच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग एसओपीचा क्रमांक सांगतो. ती एक नजर मी माझ्या वहीत लिहून ठेवते. अहवालात ती येत नाही, निर्णयात येते.

समारोपाच्या बैठकीत माझे मुद्दे किती, यापेक्षा ते कसे ऐकले जातात हे महत्त्वाचं. वाद घालावाच, माझंही चुकतं. पण “हे मागच्या ऑडिटरला चाललं होतं” असं म्हणणारा क्यूए प्रमुख आणि “हे अजून कुठं होत असेल ते आम्हाला बघायला हवं” असं म्हणणारा क्यूए प्रमुख, यांत मला निवड करायला वेळ लागत नाही.

निर्जंतुक औषधांचं ऑडिट हा वेगळाच विषय आहे. तिथं मीडिया फिलच्या (औषधाऐवजी जंतू वाढवणारं द्रव भरून केलेल्या चाचणीच्या) मूळ नोंदी आणि अॅसेप्टिक (निर्जंतुक) भागाचे व्हिडिओ बघितल्याशिवाय मत बनवू नका. ज्यानं स्वतः अशा लाइनवर काम केलंय असा माणूस सोबत न्या.

करारात काय लिहायचं

व्यापारी करार वेगळा, क्वालिटी अॅग्रीमेंट वेगळं. एफडीएच्या नोव्हेंबर २०१६ च्या मार्गदर्शनातही हीच शिफारस आहे: क्वालिटी अॅग्रीमेंट स्वतंत्र असावं, निदान व्यापारी करारापासून सुटं करता यावं. दराची बोलणी अडली म्हणून डेव्हिएशनची मुदत अडू नये, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवताना दरपत्रक मधे येऊ नये.

कोण काय करणार याचा तक्ता सगळेच जोडतात. मी तो तक्ता हातात घेऊन एक सराव करते. दोन्हीकडची माणसं एकत्र बसवते आणि एक घटना सांगते: “शनिवारी रात्री स्टॅबिलिटीच्या (औषध किती टिकतं त्या चाचणीच्या) १८ महिन्यांच्या नमुन्यात अशुद्धी मर्यादेबाहेर आली. आता बोला, कोण कोणाला, कधी, कसं?” पहिल्या १० मिनिटांत ३–४ भोकं दिसतात. सुट्टीच्या दिवशी कोणाचा फोन चालू असतो हे कुणालाच माहीत नसतं.

वेळेच्या अटी इथंच ठरतात. अमेरिकेत मंजुरी असलेल्या आणि बाजारात गेलेल्या औषधात अशी गंभीर त्रुटी कळली की ३ कामकाजाच्या दिवसांत एफडीएला फील्ड अलर्ट रिपोर्ट द्यावा लागतो. आता कराराच्या मसुद्यात “कंत्राटदार ओओएस ५ कामकाजाच्या दिवसांत कळवेल” असं असेल, तर ती अट पहिल्या दिवशीच निरुपयोगी आहे. मी १ कामकाजाचा दिवस लिहिते, आणि तोही प्राथमिक निकाल हाती आल्यापासून. त्यांचा तपास संपण्याची वाट बघायची नाही. ओओएसबद्दलच्या एफडीएच्या मार्गदर्शनात, जे २००६ मध्ये आलं आणि मे २०२२ मध्ये सुधारलं गेलं, कंत्राटी प्रयोगशाळेनं आपली माहिती, निष्कर्ष आणि आधाराची कागदपत्रं उत्पादकाच्या क्वालिटी विभागाला द्यावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे नुसतं “तपास पूर्ण, निकाल अवैध” एवढी ओळ घेऊन गप्प बसू नका.

पुढे काम दुसऱ्याला द्यायचं तर आपली लेखी मंजुरी आधी हवी. प्रक्रिया, यंत्र, जागा, कच्च्या मालाचा पुरवठादार, चाचणी पद्धत यांतला कोणताही बदल आधी कळवायचा. कारण नसताना अचानक ऑडिट करायचा हक्क वकील सहज लिहून देतात. पण कारण असताना, ४८ तासांच्या सूचनेवर, मूळ इलेक्ट्रॉनिक डेटासह ऑडिट करायचा हक्क मुद्दाम मागावा लागतो.

एका कलमासाठी मी दर करारात भांडते. कंत्राटदारानं आपणहून, वेळेत कळवलेल्या डेव्हिएशनवर दंड नाही. वाया गेलेल्या मालाची भरपाई हा वेगळा मुद्दा, त्याचं गणित व्यापारी करारात बसवा. पण सांगितल्याबद्दल पैसे कापले जाणार असतील तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. हे मी त्या आर्द्रतेच्या खोलीत शिकले आहे.

टेक ट्रान्सफर: जे कुठंच लिहिलेलं नसतं

आमची एक गोळी आम्ही बाहेर बनवायला दिली. बॅच रेकॉर्ड अगदी स्वच्छ होतं: रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर, इम्पेलर (ढवळणारं पातं) अमुक आरपीएम, ४ मिनिटं. त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा मोठं. पात्याचा व्यास वाढला की त्याच आरपीएमला टोकाचा वेग त्याच पटीत वाढतो, हे आमच्या लोकांनी मोजून आरपीएम कमी केलेही होते. तरीही सलग ३ बॅचेसचं ३० मिनिटांचं डिसोल्यूशन (गोळीतलं औषध विरघळण्याचं प्रमाण) कमी आलं. दाणे फार घट्ट होत होते.

कारण सापडलं ते आमच्याच जुन्या ऑपरेटरशी बोलताना. तो १५ वर्षं ही गोळी बनवत होता. म्हणाला, “४ मिनिटं कोण बघतं? अँपिअरचा काटा वर चढायला लागला की मी थांबवतो. कधी ३ मिनिटांत, कधी साडेतीनमध्ये.” रेकॉर्डवर मात्र दर वेळी ४ लिहिलेलं. चूक आमच्या घरातली होती आणि आम्ही ती व्यवस्थित पॅक करून दुसऱ्याला पाठवली होती. नंतर कळलं की तिकडच्या ऑपरेटरनं पहिल्याच बॅचला “लगदा जास्त ओला वाटतोय” असं सुपरवायझरला सांगितलं होतं. ग्राहकाचा कागद आहे, तसंच करा, असं उत्तर त्याला मिळालं.

तेव्हापासून हस्तांतरणाच्या वेळी मी आपल्या बाजूचा ऑपरेटर प्रत्यक्ष तिकडे पाठवते आणि दोघा ऑपरेटरांना मशीनजवळ उभं करते. अधिकाऱ्यांनी बाजूला थांबायचं. पहिल्या ३ बॅचेसना आपला माणूस पूर्ण वेळ तिथं. त्याला पहारेकरी म्हणून पाठवू नका. त्याचं काम एवढंच की तिकडचा माणूस “हे बरोबर वाटत नाही” म्हणाला तर ते ऐकणारं कुणीतरी तिथं असावं. विश्लेषण पद्धतींचं हस्तांतरणही असंच. नमुना किती वेळ सोनिकेट करायचा (ध्वनिलहरींनी विरघळवायचा), गाळताना पहिले किती मिलिलिटर टाकून द्यायचे, कोणत्या प्रकारचा फिल्टर, या बारीक गोष्टींवरच दोन प्रयोगशाळांचे निकाल वेगळे येतात.

रोजचा संसार

वेळेवर आणि पूर्ण पुरवठा, पहिल्याच फटक्यात बरोबर झालेल्या बॅचेस, मुदतीत पूर्ण झालेल्या सीएपीए (चूक दुरुस्त करायच्या आणि ती पुन्हा होऊ नये म्हणूनच्या उपाययोजना), अवैध ठरवलेल्या ओओएसचं प्रमाण हे आकडे सगळेच ठेवतात, तुम्हीही ठेवा. शेवटच्याकडे जास्त लक्ष द्या. एखादी प्रयोगशाळा जवळजवळ प्रत्येक ओओएस ‘विश्लेषकाची चूक’ म्हणून बंद करत असेल, तर एक तर विश्लेषक खरोखर कच्चे आहेत किंवा तपास कच्चा आहे.

माझा स्वतःचा एक स्तंभ आहे. घटना घडल्याची वेळ, आम्हाला कळल्याची वेळ, आणि मधले तास. प्रत्येक भागीदारासाठी, प्रत्येक घटनेसाठी. एका चांगल्या कारखान्याचा हा आकडा वर्षभर २० तासांच्या आसपास होता. मग ५० झाला, मग ९०. बाकी सगळे आकडे हिरवे होते. मी फोन केला. कळलं की क्यूए प्रमुख नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्यांची जागा ३ महिने रिकामी होती. ग्राहकाला काहीही कळवायचं तर आधी प्लांट हेडची सही लागत होती. मी पुढच्याच आठवड्यात तिकडे गेले. काही वाईट घडायच्या आधी गेले, हे त्या स्तंभामुळे.

फोन आला की आपण काय बोलतो त्यावर पुढचा फोन येणार की नाही हे ठरतं. एकदा संध्याकाळी ७ वाजता एका शिफ्ट इन्चार्जचा फोन आला: सिफ्टरची (पावडर चाळायच्या यंत्राची) जाळी काढताना कडेला फाटलेली दिसली, एक तुकडा सापडत नाही. जाळी शेवटची तपासली होती ती ३ बॅचेसपूर्वी. घटनेला जेमतेम २ तास झाले होते. मी तीन प्रश्न विचारले. बॅचेस आत्ता कुठं आहेत? थांबवल्या का? त्याच जाळीतून आणखी कशाचा माल गेलाय? कोणाची चूक, हे विचारलं नाही. तिन्ही बॅचेस तिथंच रोखल्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी मोठी बैठक झाली. पुरवठा विभागाला दंड लावायचा होता. मी ते कलम पुढे ठेवलं आणि त्या इन्चार्जला लेखी आभाराचं पत्र पाठवायची परवानगी मागितली. मिळाली. तुकडा पुढे मेटल डिटेक्टरनं बाजूला काढलेल्या गोळ्यांत सापडला. पण तो सापडला नसता तरी मी ते पत्र पाठवलंच असतं.

भेटीगाठींचं वेळापत्रक जोखमीवर ठरवा. आयसीएच क्यू९ ची जानेवारी २०२३ ची सुधारित आवृत्ती जोखमीचं मोजमाप माणसाच्या मतावर कमी आणि पुराव्यावर जास्त आधारायला सांगते, ते इथं उपयोगी पडतं. निर्जंतुक इंजेक्शन बनवणाऱ्याकडे आणि खोके छापणाऱ्याकडे एकाच अंतरानं जाण्यात अर्थ नाही. महिन्याची बैठक मात्र सगळ्यांशी, आणि क्वालिटीची बैठक दरांच्या बैठकीपासून वेगळी.

क्लिनिकल चाचण्या किंवा सुरक्षितता अहवालाचं काम बाहेर देत असाल तर नियम वेगळे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेलं आयसीएच ई६ आर३ वाचा. त्यात सेवा देणाऱ्यांवरच्या देखरेखीबद्दल प्रायोजकाकडून काय अपेक्षा आहेत ते आहे. प्रश्न तिथंही तोच विचारा.

सोडताना

काम थांबवायचं ठरलं की बहुतेकांचं लक्ष नव्या कारखान्याकडे जातं. जुन्या कारखान्याची शेवटची बॅच मात्र पुढची २–३ वर्षं बाजारात असते. तिचे स्टॅबिलिटी नमुने त्यांच्या चेंबरमध्ये असतात. राखीव नमुने अमेरिकेच्या नियमांनुसार सामान्यपणे एक्सपायरीनंतर १ वर्षापर्यंत ठेवावे लागतात, बॅचचे रेकॉर्डही तितकेच. नातं संपल्यावर या कामासाठी कोण माणूस नेमलेला असेल, हे करारात आधीच हवं.

एकदा संबंध संपल्यावर २ वर्षांनी आमच्याकडे एका बॅचबद्दल तक्रार आली. मूळ क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) मागितले. त्या प्रयोगशाळेनं मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं होतं आणि जुन्या फायली नव्यात उघडत नव्हत्या. आमच्या हातात फक्त पीडीएफ होत्या. त्यांत इंटिग्रेशन (आलेखावरून प्रमाण काढणं) कसं केलंय ते तपासता येईना. तक्रारीचा तपास आम्हाला राखीव नमुन्यांवर पुन्हा चाचण्या करून पूर्ण करावा लागला.

आता मी शेवटच्या बॅचनंतर ६० दिवसांत तिथं एक शेवटचं ऑडिट करते. मूळ इलेक्ट्रॉनिक डेटाची प्रत घेते आणि ती आमच्या संगणकावर, आमच्या माणसाकडून उघडून बघते. राखीव नमुन्यांचे खोके स्वतः मोजते. शेवटच्या बॅचची एक्सपायरी आणि वर एक वर्ष, ती तारीख कॅलेंडरवर टाकते. त्या तारखेपर्यंत त्यांच्या क्यूए प्रमुखांशी दर ३ महिन्यांनी एकदा फोनवर बोलते.